पडद्यावरची कोंबडी

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, हे गावात सांगायची सोय नाही. सांगितलं की समोरचा माणूस एकतर हात पुढं करतो, नाहीतर दोन पावलं मागं सरकतो. हात पुढं करणाऱ्याला वाटतं मी भविष्य सांगते, मागं सरकणाऱ्याला वाटतं ही आता आपल्या मनातलं वाचणार. वाचते कुठली, डोंबल! पंचवीस वर्षं शिकवूनही मला माझ्याच मनातलं धड वाचता येत नव्हतं. ते मला टाळेबंदीच्या उन्हाळ्यात कळलं, आणि कळलं ते एका कोंबडीमुळं.

झालं असं की बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे होते. बाबा पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावी एकटेच राहतात. मी चंद्रपूरहून दोन दिवसांसाठी आले आणि तिसऱ्या दिवशी सगळं बंद झालं. दोन दिवसांचे सत्तर झाले. पिशवीत दोन साड्या, थेंबांची बाटली आणि एक छोटा प्रोजेक्टर, एवढंच माझं सामान. प्रोजेक्टर यासाठी, की गावाहून परस्पर जवळच्या मूल शहरातल्या एका कॉलेजात जाऊन मी पोरांना सिनेमे दाखवणार होते आणि त्यावर बोलणार होते. विषयही मीच निवडलेला: साथीच्या सिनेमात गाव कोणाला बाहेर काढतं? असला शुभशकुनी विषय मी डिसेंबरातच ठरवून बसले होते. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी सुकाळावर ठेव.

बोलायचं काय होतं, तेही सांगून टाकते, कारण नंतर तेच माझ्या अंगावर आलं. साथीच्या सिनेमात एक प्रसंग हमखास असतो. भरल्या घरात एकजण खोकतो आणि सगळ्या माना त्याच्याकडं वळतात. मग दार लागतं, आणि तो दाराबाहेर असतो. अंधारात बसलेले आपण त्याच्या बाजूचे असतो. रुमाल काढून रडतो. बाहेर आल्यावर शेजारी शिंकला की खुर्ची बदलतो. मनोविश्लेषणाची पुस्तकं म्हणतात, माणसाला स्वतःच्या आतलं भय सोसत नाही, म्हणून तो ते दुसऱ्याच्या गळ्यात अडकवतो आणि मग त्या दुसऱ्यालाच हाकलतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आमच्या बाया चार शब्दांत म्हणतात. त्यासाठी जाडजूड पुस्तकं विकत घेणारी मी.

बाबा तीस वर्षं चंद्रपूरच्या एका टॉकीजात मशीन चालवत होते. त्याआधी तंबूच्या सिनेमाबरोबर यात्रा-जत्रा फिरले. टॉकीज बंद पडलं तेव्हा गावी आले, पण सवय गेली नाही. अजून टीव्ही लावला की आधी पाठीमागं वळून पाहतात, उजेड कुठून येतो ते. माझ्या शिकवण्याबद्दल त्यांचं मत फार काही चांगलं नाही. ते म्हणतात, सिनेमा दाखवायचा असतो, तू सांगत बसतेस.

आमच्या घराला लागून एका बुढीचं घर. मी तिला काकू म्हणते. काकूचा मुलगा ट्रकवर क्लीनर, तो तेव्हा छत्तीसगडात अडकला होता. सून दरवर्षीसारखी मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. आमच्याकडच्या कितीतरी बाया संक्रांत झाली की जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मजुरीचा काही भाग मिरचीच देतात, त्यामुळं येताना डोक्यावर वर्षाच्या तिखटाचं पोतं असतं. सहा वर्षांची नात काकूजवळ होती. पोट्टी म्हणजे नुसती चटणी. सकाळपासून माझ्या मागं मागं, तुमच्या चष्म्यातून जग कसं दिसते, तुमाले नवरा काऊन नाई, असं काहीबाही विचारत फिरायची. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं.

एप्रिलमध्ये एक दिवस बातमी आली, मिरचीवाले पायी येऊन राह्यले. प्राणहिता ओलांडून, अहेरी-आष्टीच्या वाटेनं, दिवस-दिवस चालत. आमच्या गावचे नऊजण होते. गावानं काय करावं? रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि पोलीस पाटील स्वतः काठी घेऊन उभे राहिले. सरकारी हुकूम होता की चौदा दिवस शाळेत ठेवा, तो बरोबरच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमची शाळा गावापासून थोडी बाहेर, ऐन शिवेवर आहे. दोन गावांत मिळून एकच शाळा, म्हणून मधोमध बांधलेली. नऊजणांना परस्पर तिकडं वळवलं.

पोट्टी काट्यांपाशी धावत गेली होती. सुनेनं डोक्यावरचं पोतं खाली टाकलं आणि हात पसरले. तेवढ्यात काकूनं मागून नातीची वेणी धरली आणि ओरडली, तुही माय रोग घेऊन आली, हात लावशीन तर मरशीन. मी तिथंच उभी होते. पोट्टीचा चेहरा मी पाहिला. ती रडली नाही. मागं वळली आणि चालत घरी गेली. त्या दिवसापासून ती आईचं नाव काढीना. कोणी काढलं तर कानात बोटं घालायची.

तीन महिने मायच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं पोर. मला असा संताप आला की काय सांगू! संध्याकाळी मी पारावर गेले आणि सगळ्यांना अंतरा-अंतरानं बसवून व्याख्यान दिलं. भय म्हणजे काय, ते आपण दुसऱ्यावर कसं लादतो, रोग निराळा आणि माणूस निराळा. अर्धा तास बोलले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी पाटील म्हणाले, बाईंचं बोलणं एकदम बरोबर आहे, पण काट्या राहू द्याव्यात. सगळ्यांनी माना हलवल्या.

शाळेतल्यांना जेवण पोचवायचं काम आळीपाळीनं होतं. चौथ्या दिवशी माझी पाळी आली. लांब बांबूच्या टोकाला डबा अडकवून फाटकावरून आत द्यायचा, अशी पद्धत पडली होती. काकूची सून डबा घ्यायला आली. उन्हानं काळवंडली होती, पायाला चिंध्या बांधल्या होत्या, तरी हसली. पोट्टी जेवते का, एवढंच विचारलं. मग म्हणाली, बाई, थांबा. आत गेली आणि पोत्यातल्या मूठभर मिरच्या घेऊन आली. लालभडक, देठासकट. फाटकातून तिनं मूठ पुढं केली. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे, लहानपणी बांबू तोडताना मोडलं आणि तसंच जुळलं. ते वाकडं बोट माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

आणि मी मागं सरकले. ठरवून नाही. पाय आपोआप मागं गेला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "भीती सगळ्यायले वाटते."

तिनं मूठ मागं घेतली. वाईट वाटल्याचंसुद्धा दाखवलं नाही. मी बांबू खांद्यावर टाकून घरी आले आणि मोरीत तोंड धूत बराच वेळ उभी राहिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझी लाज वाटली, अजून वाटते. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, बरं झालं, आता तुला विषय समजला.

त्याच आठवड्यात गावानं गाडा काढायचं ठरवलं. पूर्वी पटकीची साथ आली की आमच्याकडं मरीमायचा गाडा काढत. लाकडाचा छोटा गाडा करायचा, त्यात हळदकुंकू, लिंबं, हिरव्या बांगड्या, नारळ ठेवायचा, वाजतगाजत शिवेवर न्यायचा आणि मागं वळून न पाहता परत यायचं. रोग गाड्यात बसून पुढच्या गावी जातो. पुढच्या गावाला तो नको असेल तर त्यांनी पुढं ढकलावा. बाबांनी हा प्रकार पोरवयात एकदा पाहिला होता, त्यानंतर आत्ताच. सुताराच्या हाताला काम नव्हतं, त्यामुळं त्यानं नको इतकं मन लावलं. हातभराचा गाडा व्हायचा, तो कमरेएवढा झाला, चाकांना वंगणसुद्धा घातलं. तोंडाला फडकी बांधून चार माणसं तो शिवेवर सोडून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडा आमच्या वेशीत हजर! पलीकडच्या गावानं पहाटेच परत ढकलला होता. आमच्यांनी पुन्हा नेला. त्यांनी पुन्हा आणला. चांगलं वंगण घातलेला असल्यामुळं कोणालाच त्रास नव्हता. तीन दिवस हा खेळ चालला. बाबा ओट्यावर बसून मोजत होते आणि पोट धरून हसत होते. शेवटी दोन्हीकडच्या पाटलांनी फोनवर बोलून असं ठरवलं की गाडा बरोबर शिवेवर ठेवायचा, ना इकडं ना तिकडं. बरोबर शीव म्हणजे शाळेचं पटांगण. ज्या जागी रोग सोडून यायचा, तिथंच आपण आपल्या लेकीसुना ठेवल्या आहेत, हे गाडा ठेवून परत येईपर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नाही. आल्यावर बाबांनी विचारलं, तेव्हा कुठं सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. पण मागं वळून पाहायचं नाही असा नियम. परत आणणार कोण?

शाळेतल्यांनी मात्र गाडा आनंदानं ठेवून घेतला. नारळ फोडून नऊ वाटे केले, लिंबांचं सरबत झालं, बांगड्या काकूच्या सुनेनं घातल्या. गाड्यावर ते हापशीहून पाण्याच्या घागरी आणू लागले. शाळेची हापशी वेगळी, म्हणून तेवढं बरं होतं.

चौदा दिवस संपले. आशाताईंनी रोज ताप पाहिला होता, एकालाही साधं पडसं नव्हतं. सरकारी कागद आला, यांना आता घरी पाठवा. गावानं बैठक घेतली आणि आणखी चौदा सांगितले. कारण विचारलं तर पाटील म्हणाले, सावधगिरी. मला ठाऊक होतं कारण काय ते. काट्या काढायच्या म्हणजे आपण उगाच घाबरलो होतो असं कबूल करायचं, ते कोणाला जमेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मला बाकीच्या आठ घरांची तितकी चिंता नव्हती. मोठी माणसं रागावतात, विसरतात. चिंता होती त्या पोट्टीची. आणखी चौदा दिवस तिनं कानात बोटं घातली तर ती बोटं पुन्हा निघतील का, असं मला वाटायला लागलं. ती अंगणात एक खेळ खेळायची. चिंध्यांची बाहुली घ्यायची, कोंबड्या झाकायच्या टोपल्याखाली कोंडायची आणि वर दगड ठेवायची. मी विचारलं, काऊन गं? तर म्हणाली, ते खोकलली. कधी सोडशील? नाई सोडत. मुलाला जे सोसवत नाही ते मूल खेळात घालतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्या दिवशी ते लिहिलेलं माझ्यासमोर टोपल्याखाली पडलं होतं.

मी काकूकडं गेले. रागातच गेले. पोराच्या मनावर काय परिणाम होतो ते सगळं एका दमात सुनावलं. काकू सुपानं तांदूळ पाखडत होती, थांबली नाही. मग एकदम म्हणाली की सून जाताना पोट्टीचा हात तिच्या हातात देऊन गेली होती. पोट्टीला काही झालं असतं तर सुनेला काय तोंड दाखवलं असतं? मायला दूर ठेवलं ते मायसाठीच. आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. रात्री पोट्टी झोपतच नाही, म्हणाली. माय दिव्यासमोर हात धरून भिंतीवर कोंबडी दाखवायची तेव्हा झोपायची. आता मायचं नाव घेत नाही, पण कोंबडी मागते. काकूनं हात धरून पाहिले तर पोट्टी म्हणते, हे कोंबडी नाई, हा कावळा आहे.

मी घरी आले. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याचा हिरवा पडदा वर केला आणि माझ्याकडं पाहिलं.

"तू बोलून राह्यली बेटा. पोट्टी ऐकत नाई, कानात बोटं आहेत तिच्या. डोळे उघडे आहेत. तिले दाखव."

कल्पना त्यांची. बाबांचं एक पांढरं स्वच्छ दुपट्टी धोतर होतं, ते दोन कडुनिंबांच्या मधे, शाळेच्या फाटकाशी ताणून बांधायचं. गाव रस्त्यावर बसेल, शाळेतले पटांगणात बसतील, मधे धोतर. माझ्या फोनमध्ये एक जुना विनोदी सिनेमा होता, लग्नातून पळालेल्या नवरदेवाचा. महिनाभर कोणी काही पाहिलं नव्हतं, दिवसाला चार तास वीज. सिनेमा म्हटल्यावर काट्यांचा मुद्दाच राहिला नाही, पाटलांनीच जागा झाडून घेतली. अडचण एकच होती. वीज शाळेत होती, म्हणजे मशीन आत, पलीकडं ठेवायला हवं होतं. आणि ते चालवायला कोणीतरी आत जायला हवं होतं.

पाटील म्हणाले, तिकडे गेल्या तर तिकडेच राहा लागन बाई, चौदा दिवस. ते गमतीनं म्हणत नव्हते. बाबांच्या डोळ्यांत थेंब कोण टाकणार, हे कारण माझ्या तोंडावर आलं होतं. ते खरंही होतं, आणि बहाणाही तोच होता. मी काकूकडं पाहिलं. काकू म्हणाली, थेंब मी टाकीन. मग मी पदर खोचला आणि फाटक उघडलं.

आत गेल्यावर पहिली काकूची सून सामोरी आली. माझ्यापासून चार हात लांब थांबली, माझी सोय पाहून. मी ते चार हात चालून गेले आणि म्हणाले, प्रोजेक्टर ठेवायला उंच काही आहे का? तिनं गाडा ओढत आणला. मरीमायच्या गाड्यावर मी कॉलेजचं मशीन ठेवलं. उंची अशी बरोबर, सुताराला मनोमन हात जोडले.

सात वाजले. उजेड धोतरावर पडला आणि दोन्हीकडून एकच हुंकार उठला. आता एक गोष्ट बाबांना ठाऊक होती आणि गावाला नव्हती. ज्या बाजूला मशीन असतं, त्या बाजूला सिनेमा सुलट दिसतो. पलीकडच्यांना सगळं उलट. शाळेतले नऊजण आणि मी ऐटीत सुलट सिनेमा पाहत होतो, आणि गाव मागच्या बाजूनं. नावं आली तेव्हा पाटलांनी मोठ्यानं विचारलं, हे तेलगू आहे का? नवरदेव डाव्या हातानं जेवायला लागला तेव्हा रस्त्यावर कुजबुज झाली. शेवटी पाटलांना राहवेना. आम्हालेच उलटं काऊन म्हणून त्यांनी आवाज दिला.

"तुम्ही पडद्याच्या मागं बसले ना पाटील," रस्त्यावरूनच बाबा म्हणाले. "सामोरची जागा त्यायची आहे."

पटांगणात आधी एकजण हसला. मग सगळे नऊ. मग धोतरापलीकडून एक बाई खिदळली आणि पाहता पाहता सगळा रस्ता हसायला लागला. पाटीलही हसले असावेत. मला दिसलं नाही, पण बाबा तसं सांगतात.

अर्धा सिनेमा झाला आणि नवरदेव विहिरीत उतरून बसला असताना फोन मेला. बॅटरी. धोतरावर नुसता पांढरा उजेड राहिला. चार्जर शोधायला मी शाळेच्या खोलीत धावले. लोक ओरडायला लागले होते. मी चार्जर घेऊन परतले आणि दारातच थांबले.

काकूची सून मशीनसमोर जाऊन उभी राहिली होती. तिनं बांगड्या वर सरकवल्या, दोन्ही हात उजेडात धरले, आणि धोतरावर एक कोंबडी उभी राहिली. बैलाएवढी. चोच, मान, आणि डोक्यावर तुरा. तुऱ्याचा मधला दाता वाकडा. कोंबडीनं दोन पावलं टाकली, खाली वाकून दाणे टिपले, मान वर करून इकडंतिकडं पाहिलं. ओरडणारे लोक गप्प झाले होते.

मी तशीच दारात उभी राहिले. चार्जर माझ्या हातातच होता. पलीकडं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मग धोतराला पलीकडून एक लहानसा फुगवटा आला, बरोबर कोंबडीच्या चोचीजवळ. कोणीतरी बोट लावलं होतं. बोट चोचीवरून मानेवर गेलं, मानेवरून तुऱ्यावर, आणि वाकड्या दात्यापाशी थांबलं.

"आजी," पोट्टीचा आवाज आला. "हे कावळा नाई. हे माह्या मायची आहे."

कोंबडी थरथरायला लागली. सून रडत होती, पण हात तिनं खाली घेतले नाहीत. एक हलक्या आवाजाची कॉक-कॉक तेवढी केली. धोतराची खालची कड उचलली गेली आणि त्याखालून दोन वेण्या आल्या, मग फ्रॉक, मग सगळी पोट्टी. ती उठून उभी राहिली, उजेडानं डोळे मिचकावले आणि आईच्या पोटात डोकं खुपसलं. त्यानंतर धोतरावर कोंबडी नव्हती, दोघींची मिळून एक मोठी काळी सावली होती. ती दोन्हीकडून सारखीच दिसत होती.

काकूनं पलीकडून हाक मारली, पोट्टी, इकडे ये. कोणी हललं नाही. मग काकू स्वतः धोतराखालून वाकून आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, सुनेच्या पायाच्या चिंध्या पाहिल्या. मग खाली बसली आणि त्या सोडायला लागली. मी रडले. मुकाट्यानं वगैरे नाही, चांगली हंबरून रडले, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

पाटील पलीकडून म्हणाले की आता तिघी तिकडेच राहतील. तर कोणा नवऱ्यानं आवाज दिला, माही बायको तिकडे आहे, मी बी जातो. त्याच्यामागं दुसरा. फोन चार्ज होऊन सिनेमा सुरू झाला तेव्हा निम्मा रस्ता पटांगणात होता, कारण काही म्हणा, सुलट सिनेमा इकडंच दिसत होता. शेवटी बाबा पाटलांचा हात धरून आले. म्हणाले, यांना विहिरीतला नवरदेव बाहेर निघते का ते पाहायचं आहे.

सकाळी नऊजण घरी गेले. चौदा दिवस केव्हाच पूर्ण झाले होते, कागद केव्हाचा आला होता. काट्या कोणी काढल्या ते कोणी सांगत नाही. गाडा शाळेतच राहिला, पोषण आहाराचे तांदूळ आता त्यावरून येतात.

आणि दहाच्या सुमाराला काकूच्या अंगणात उखळ निघालं. सुनेनं मिरच्यांचं पोतं आणलं, देठं खुडली, दोघी सासूसुना समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालायला लागल्या. नाकाघशात झोंबणारी मिरचीची खाट आळीभर पसरली. पहिली मी खोकले. मग बाबा. मग समोरच्या घरातली पाच माणसं. महिनाभर ज्या गावात कोणी घसा खाकरायची हिंमत केली नव्हती, ते गाव शिंकायला लागलं, ठसकायला लागलं, नाकाला पदर, रुमाल लावून दारात आलं. कोणाची मान कोणाकडं वळली नाही. पाटील रस्त्यानं जात होते, त्यांना ओळीनं सात शिंका आल्या. ते म्हणाले, पक्की आहे मिरची.

सुनेनं मूठभर मिरच्या उचलल्या आणि माझ्याकडं आली. ह्या खेपेला मी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. तिचं वाकडं बोट माझ्या तळव्याला लागलं. मग मी, मानसशास्त्राची प्राध्यापिका, तोच हात डोळ्याला लावला. बाप रे बाप! काकू धावली आणि बाबांच्या बाटलीतले थेंब माझ्याच डोळ्यांत टाकायला निघाली, तेव्हा बाबांनी तिच्या हातातून बाटली काढून घेतली आणि माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं.

डोळे उघडले तेव्हा समोर पोट्टी बसली होती. टोपलं कलंडून पडलं होतं, दगड बाजूला. बाहुली तिच्या मांडीवर होती आणि ती फ्रॉकच्या कडेनं बाहुलीचं नाक पुसत होती.

"तिले बी ठसका लागला," ती मला म्हणाली.

मी विचारलं, मग आता कोंडणार का तिला टोपल्याखाली?

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की या बाईला काही म्हणजे काही कळत नाही.

"काऊन? सगळेच त खोकलून राह्यले."